बोटीच्या तळाला भोक पडलं तर: एका फायबर बोटीची दुरुस्ती, पायरी-पायरीने

आजच्या भागाचं हे लिखित रूप. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांना आकडे पुन्हा एकदा शांतपणे बघायचे आहेत, त्यांच्यासाठी. बोलताना जिथे अडखळलो तेवढं काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

एरवी मी इथे सर्व्हर, डेटाबेस, ॲप असल्या गोष्टींवर बोलतो. आजचा विषय पूर्ण वेगळा आहे: छोट्या मोटरबोटीला पाण्याखालच्या भागात मार लागला तर ती नीट कशी करायची. हा विषय मी निवडला, कारण यात मी स्वतः एक मोठी चूक केली होती, आणि त्या चुकीवर बसून सहा माणसं खाडीत फिरायला गेली होती.

तर सुरुवातीपासून सांगतो.

काय झालं होतं

माझं आजोळ देवबाग. मालवणच्या दक्षिणेला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, आणि मधे जमिनीची अरुंद पट्टी. माझ्या मामाची तिथे अठरा फुटी फायबरची बोट आहे, मागे ४० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. पर्यटकांना खाडीत फिरवायचं, संगमापर्यंत नेऊन आणायचं. त्या एका बोटीवर घर चालतं.

मागच्या मे महिन्यात, ओहोटी लागलेली असताना, बोटीचा तळ एका खडकाला आपटला. त्या किनाऱ्याला पाण्याखाली खडक खूप आहेत, आणि मामाला ते सगळे पाठ आहेत, पण त्या दिवशी सुकाणूवर मामा नव्हता. बोट वर ओढली तेव्हा तळाला, पुढच्या भागात, साधारण वीतभर लांबीचा तडा दिसला. मी तेव्हा सुट्टीवर गेलो होतो. म्हटलं, मी करतो.

मी काय केलं? हार्डवेअरच्या दुकानातून दोन कांड्या मळून लावायची ती पुट्टी आणली, तड्यात दाबून भरली, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासली आणि वरून पांढरा रंग मारला. इतकं गुळगुळीत झालं की हात फिरवला तरी जागा सापडेना. मामाने चार जणांना दाखवलं, "भाच्याने केलं" म्हणून. मीही खूश.

पावसाळाभर बोट खोपीत होती. दिवाळीच्या सुट्टीत गर्दी सुरू झाली, आणि चौथ्या की पाचव्या फेरीला, खाडीच्या मधोमध, बोटीत सहा पर्यटक असताना, मामाच्या पायाला पाणी लागलं. "पाणी येता हा रे!" एवढंच तो ओरडला. मी पुढे बसलो होतो. पुट्टीचा तुकडा अख्खाच्या अख्खा निघून गेला होता.

सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट होती. मामाने बोट जवळच्या वाळूच्या पट्ट्यावर चढवली, कोणाला काही झालं नाही. एका आजोबांची चप्पल गेली, तेवढंच. पण त्या रात्री मला झोप आली नाही, हे खरं आहे.

पाणी किती वेगाने येतं

दुसऱ्या दिवशी मी हिशोब केला. तो आधीच करायला हवा होता.

पाण्याखालच्या भोकातून पाणी आत येण्याचा वेग भोक पृष्ठभागाच्या किती खाली आहे यावर ठरतो. सूत्र शाळेतलंच आहे: दोन गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले खोली, आणि त्याचं वर्गमूळ. भरलेल्या बोटीत आमचा तडा साधारण ३० सेंटिमीटर खाली होता. म्हणजे वेग सेकंदाला सुमारे २.४ मीटर. भोकाच्या कडांमुळे प्रवाह आकसतो, म्हणून प्रत्यक्षात साधारण साठ टक्के धरायचं.

आता बघा. १ सेंटिमीटर व्यासाचं भोक असेल तर मिनिटाला सुमारे ७ लिटर. अडीच सेंटिमीटर, म्हणजे साधारण इंचभर व्यासाचं असेल तर मिनिटाला सुमारे ४३ लिटर, कारण व्यास अडीचपट झाला की क्षेत्रफळ सव्वासहापट होतं. आमची पुट्टी निघाल्यावर उरलेली फट साधारण २ चौरस सेंटिमीटर होती. म्हणजे मिनिटाला साडेसतरा लिटर, एक बादली. वीस मिनिटांत साडेतीनशे लिटर, म्हणजे पाच जाडजूड माणसं आणखी बोटीत चढल्यासारखं.

पण ती पाच माणसं निदान जागेवर बसतात. पाणी बसत नाही. बोट जरा कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि बोट आणखी कलते. पाणी भरलेली छोटी बोट नुसती बुडत नाही, बऱ्याचदा ती आधी उलटते. म्हणून तळाच्या दुरुस्तीला "जमेल तसं करून बघू" हा प्रकार चालत नाही.

दिसतो तेवढाच मार नसतो

मामाच्या ओळखीचे एक काका आहेत, आयुष्यभर फायबरचं काम केलेले. ते आले, बोट उलटी करून ठेवायला सांगितली, आणि खिशातून एक नाणं काढून तळावर ठिकठिकाणी टकटक करत बसले. मी ग्राइंडर हातात घेऊन उभा. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाणी खयसून येता ता बघ आधी."

फायबरचा तळ म्हणजे काचेच्या धाग्यांचे थर आणि त्यांना एकत्र धरणारं रेझिन. बाहेरून त्यावर जेलकोट नावाचा पातळ, चकचकीत थर असतो. तळ खडकावर आपटतो तेव्हा तो क्षणभर आत वाकतो आणि परत येतो. या वाकण्यात थर एकमेकांपासून सुटतात. बाहेर वीतभर तडा दिसतो, पण आत थर सुटलेले असतात ते त्याच्या दुप्पट-तिप्पट भागात.

नाण्याने टकटक केलं की जिथे थर घट्ट आहेत तिथे आवाज खणखणीत येतो. जिथे सुटलेत तिथे बद्द, पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. काकांनी जिथे जिथे आवाज बदलला तिथे पेन्सिलने खूण केली आणि खुणा जोडल्या. माझा तडा १४ सेंटिमीटरचा होता. खुणांचं वर्तुळ भरलं सुमारे २० बाय १० सेंटिमीटर.

माझी पुट्टी का निघाली, ते इथे कळलं. ती ज्या कडांना चिकटली होती त्या कडाच सुटलेल्या होत्या. शिवाय पुट्टी कडक आणि ठिसूळ, आणि तळ प्रत्येक लाटेवर थोडा वाकतो. पुट्टी वाकत नाही, मग ती तडकते किंवा सुटते. तिच्यात धागे नाहीत, त्यामुळे ताण सहन करायला काहीच नाही. वरवरच्या ओरखड्यासाठी ती ठीक आहे. आरपार गेलेल्या तड्यासाठी ती म्हणजे बाटलीचं बूच, तेही सैल.

एक आणखी तपासायची जागा सांगतो. बोटीची मागची भिंत, जिच्यावर इंजिन लटकतं. बऱ्याच बोटींत तिच्या आत प्लायवूड असतं. पंखा किंवा इंजिनाचा पाय खडकाला लागला असेल तर तो धक्का या भिंतीला जातो. इंजिन हाताने वर-खाली हलवून बघा, भिंत हलते का, बोल्टच्या भोवती केसासारखे तडे आहेत का, आणि तिथेही नाणं वाजवा. आतलं प्लाय कुजलेलं असेल तर तळ कितीही चांगला केला तरी उपयोग नाही.

पाणी मुरलेलं असतं, ते बाहेर काढा

आता सगळ्यात कंटाळवाणी पायरी, आणि आमच्या घरात ज्यावरून वाद झाला ती.

आमच्या बोटीत चालायची फळी आणि तळ यांच्या मधे फोम भरलेला होता. काकांनी फळीचा एक चौकोन कापायला लावला. आतला फोम हाताने पिळला तर पाणी निघालं. मे महिन्यापासूनचं पाणी. मी वरून रंग मारून ते आत कोंडून ठेवलं होतं.

ओला फोम काढून टाकावा लागतो, तो सुकत नाही. मग तळ गोड्या पाण्याने धुवायचा, कारण मीठ राहिलं तर ते हवेतलं बाष्प ओढून घेत राहतं. आणि मग सुकवायचं. आम्ही बोट खोपीत आणली, उघड्या भागावर पंखा लावला, दिवसा ऊन दाखवलं.

सुकलं की नाही हे कळायला एक बिनखर्चाची चाचणी आहे. पारदर्शक प्लॅस्टिकचा हातभर चौकोन घ्या, त्या जागेवर ठेवा, चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद करा, रात्रभर ठेवा. सकाळी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दव दिसलं तर अजून ओल आहे.

पाचव्या दिवशी दव होतं. आठव्या दिवशीही थोडं होतं. आणि बाहेर सीझन चालू. किनाऱ्यावरून इतरांच्या बोटी भरभरून जाताना दिसायच्या. मामाचं म्हणणं, वरून तर कोरडं दिसतंय, शनिवार-रविवार गाठू या, नंतर परत करू. मला त्याचं बरोबर वाटत होतं, कारण नुकसान माझ्यामुळे होत होतं आणि मला ते लवकर संपवायचं होतं. काका एवढंच म्हणाले, "घाई करशात तर परत येशात."

कारण असं आहे. ओलसर फायबरवर रेझिन लावलं तर ते नीट पक्कं होत नाही आणि खालच्या थराला धरत नाही. वरून मात्र एकदम व्यवस्थित दिसतं. म्हणजे मी मे महिन्यात जे केलं होतं तेच पुन्हा, फक्त महाग सामान वापरून. बाराव्या दिवशी प्लॅस्टिक कोरडं निघालं. पावसाळ्यात तर हे काम काढूच नका, हवेतली आर्द्रताच सुकू देत नाही.

भोक मोठं करायचं

हे मला सगळ्यात उलटं वाटलं होतं. सुटलेला सगळा भाग कापून काढायचा. १४ सेंटिमीटरच्या तड्याचं २० बाय १० सेंटिमीटरचं आरपार भोक झालं. मामा त्या वेळी उठून बाहेर गेला.

कोपरे गोल ठेवायचे, कारण टोकदार कोपऱ्यातून पुन्हा तडा सुरू होतो. मग कडा बाहेरच्या बाजूने तिरक्या घासायच्या. किती तिरक्या? जाडीच्या बारा पट. आमचा तळ ६ मिलिमीटर जाड, म्हणून उतार ७२ मिलिमीटर, धरून चाला ७ सेंटिमीटर, चारही बाजूंनी. म्हणजे घासलेला भाग झाला ३४ बाय २४ सेंटिमीटर.

बारा पटच का? जुना तळ आणि नवा थर यांच्यात फक्त चिकटण्याचं नातं आहे. सरळ उभी कड ठेवली तर चिकटायला जागा मिळते ६ मिलिमीटर. उतार केला तर मिळते ७२ मिलिमीटर. त्याच ताणाला बारा पट जागा. शिवाय उभ्या कडेवर सगळा ताण एका रेषेत येतो, उतारावर तो हळूहळू एका थरातून दुसऱ्यात जातो. शिवणकामात कापडाच्या कडा जराशा एकमेकांवर घेऊन शिवतात, नुसत्या टोकाला टोक लावून नाही. तसंच हे.

घासायला ४० ते ८० नंबरचा कागद. गुळगुळीत करायचं नाही, रेझिनला धरायला खरखरीत पृष्ठभाग हवा. घासण्याच्या आधी जागा ॲसिटोनने पुसून घ्या, म्हणजे तेल-मेण खोलवर घासलं जात नाही. घासून झाल्यावर धूळ साफ करून परत पुसा.

आणि इथे हात जोडून सांगतो: काचेची धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका. रुमाल बांधून चालत नाही, फिल्टरवाला मास्क लावा, डोळ्यांवर बंद चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट. मी पहिल्या दिवशी हाफ टीशर्टवर होतो. दोन दिवस खाजवत होतो.

रेझिन कुठलं

तीन पर्याय असतात. पॉलिएस्टर सगळ्यात स्वस्त आणि सहज मिळणारं, बहुतेक छोट्या बोटी त्याच्याच बनलेल्या असतात. पण जुन्या, पक्क्या झालेल्या फायबरला ते इतर दोघांइतकं घट्ट धरत नाही. इपॉक्सी सगळ्यात घट्ट धरतं आणि पाणीही कमी शोषतं, पण महाग आहे, त्यावर नेहमीचा जेलकोट सहज धरत नाही, आणि नेहमीची चुरा-धाग्यांची मॅट त्याच्यासोबत नीट भिजत नाही, कारण त्या मॅटला एकत्र धरणारा पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. इपॉक्सी वापरणार असाल तर विणलेलं किंवा शिवलेलं कापड घ्या.

आम्ही मधला मार्ग घेतला: व्हिनाइल एस्टर. पॉलिएस्टरपेक्षा चांगलं धरतं, पाण्याला जास्त टिकतं, मॅटही चालते आणि वर जेलकोटही बसतो.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पॉलिएस्टर किंवा व्हिनाइल एस्टर पक्कं करायला जो कॅटॅलिस्ट लागतो, दुकानदार त्याला हार्डनर म्हणतात, तो पेरॉक्साइड असतो. त्याच्यासोबत कधीकधी कोबाल्टची जांभळी बाटलीही मिळते, तिला ॲक्सिलरेटर म्हणतात. ही दोन द्रव्यं एकमेकांत थेट कधीही मिसळायची नाहीत. स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचं, आणि मग कॅटॅलिस्ट. शक्य असेल तर कोबाल्ट आधीच मिसळलेलं रेझिन घ्या. कॅटॅलिस्टचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा इथेही हवाच.

प्रमाण साधारण वजनाच्या १ ते २ टक्के, पण आपल्या डब्यावरचा कागद वाचा, तो अंतिम. ४०० ग्रॅम रेझिनला दीड टक्का म्हणजे ६ ग्रॅम. अंदाजाने ओतू नका, छोटा डिजिटल काटा घ्या. कमी पडलं तर कधीच पूर्ण कडक होत नाही. जास्त झालं तर तापतं आणि ठिसूळ होतं. मिसळलेलं रेझिन खोल मगमध्ये ठेवू नका, तिथे ते स्वतःच्या उष्णतेने तापतं, धूर येतो. पसरट भांड्यात थोडं थोडं करा.

थर लावणं

आतल्या बाजूने भोकाला पाठ हवी, नाहीतर ओला थर लोंबतो. आम्ही फळीचा चौकोन कापलेलाच होता, त्यामुळे आतून हात पोचत होता. पातळ प्लायला प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळली आणि तळाच्या वळणाला दाबून टेकवली.

थर असे: मॅटचे पाच, ४५० ग्रॅमवाली, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ४५० ग्रॅम. एक थर रेझिनसकट साधारण १ मिलिमीटर होतो. मधे विणलेल्या रोव्हिंगचे दोन. सगळं मिळून साडेसहा मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे मूळ जाडी भरून निघते आणि घासायला थोडं शिल्लक राहतं. आमच्या भोकाला काच लागली पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास, रेझिन सव्वातीनशे. सांडलवंड धरून चारशे.

सगळे तुकडे आधीच कापून, क्रमाने वर्तमानपत्रावर मांडून ठेवा. रेझिन मिसळल्यावर कात्री शोधायला वेळ नसतो. मोठा तुकडा आधी की लहान, यावर दोन मतं आहेत. काका मोठा आधी लावतात, म्हणजे पहिल्याच थराला घासलेल्या संपूर्ण उताराची पकड मिळते आणि नंतर वरून घासताना तो थर कापला जात नाही. आम्ही तसंच केलं.

आधी उतारावर नुसतं रेझिन ब्रशने लावायचं. मग मॅट ठेवायची आणि ब्रशने टोचत भिजवायची, ओढायची नाही. नीट भिजली की पांढरी मॅट पारदर्शक होते. मग खाचांचा लोखंडी रोलर फिरवून हवेचे बुडबुडे बाहेर काढायचे. प्रत्येक बुडबुडा म्हणजे उद्या पाणी शिरायची जागा. दोन-तीन थर झाले की थांबा, उष्णता निघून जाऊ द्या, मग पुढचे.

दुसऱ्या दिवशी आतला प्लाय काढला, आतून घासून दोन थर आतल्या बाजूनेही लावले. मग बाहेरून घासणं, बारीक खड्डे भरणं, आणि शेवटी जेलकोट. शेवटच्या जेलकोटमध्ये मेण मिसळलेलं लागतं किंवा वरून फिल्म लावावी लागते, नाहीतर हवेच्या संपर्कात तो चिकट राहतो.

इंजिनाचा पाय विसरू नका

तळ आपटला असेल तर खाली असलेल्या पंख्याकडेही बघा. पंख्याच्या पात्याला पोचा आला असेल तर इंजिन थरथरतं आणि ती थरथर बेअरिंग आणि सील खाते. पंखा काढा. आमच्याकडे पंख्याच्या मागे मासेमारीचा नायलॉन दोरा गुंडाळलेला निघाला. असा दोरा सील कापतो.

सील गेलं का ते गिअर ऑइल सांगतं. खालचा स्क्रू काढून थोडं तेल बाहेर घ्या. तेल दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. आमचं तसंच होतं. सील बदललं, तेल बदललं. नवीन तेल खालच्या भोकातून वर चढवत भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, म्हणजे आत हवा अडकत नाही. गंज स्वतःवर घेणारा तो करड्या धातूचा तुकडा, ॲनोड, निम्म्याहून जास्त झिजला असेल तर बदला. आणि त्याला रंग मारू नका. रंग मारला की तो काम करत नाही, आणि मग गंज इंजिनाला धरतो.

पाण्यात टाकण्याआधी

जेलकोट चमकतो म्हणून विश्वास ठेवायचा नाही, हे मी शिकलो होतो. आधी पुन्हा नाणं. सगळीकडे खणखणीत. मग बोट सरळ करून टेकूवर ठेवली आणि आत, दुरुस्तीच्या जागेवर, बादल्यांनी पाणी ओतलं. खाली वर्तमानपत्र पसरून तासभर बसलो. कागद कोरडा. मग बोट पाण्यात नांगरून ठेवली, चालायची फळी उघडीच, आत कोरडं फडकं. मामा आणि मी दर तासाला जाऊन फडक्याला हात लावून यायचो. संध्याकाळपर्यंत कोरडं.

मग आम्ही दोघंच फिरवून आणली, आधी हळू, मग वेगात, लाटेवर आपटवत. त्यानंतर फोम भरून फळी बंद केली. प्रवासी नेणारी बोट असेल तर तळ कापून बसवल्याचं महाराष्ट्र सागरी मंडळाच्या सर्वेक्षकाला दाखवून घ्या. आम्ही घेतलं. त्यात आणखी दोन दिवस गेले. नाताळच्या आधी बोट कामाला लागली, पण दिवाळीनंतरचे जवळजवळ चार आठवडे गेले ते गेले.

पाण्यात असतानाच फुटलं तर

हे थोडक्यात, पण तोंडपाठ ठेवा. आधी सगळ्यांची लाइफ जॅकेट घट्ट. मग माणसांना शांतपणे, बसूनच, भोकाच्या उलट बाजूला सरकवा, म्हणजे भोक वर येतं आणि पाणी कमी येतं. भोकात कापड, टॉवेल, लाकडाची निमुळती खुंटी, जे असेल ते दाबा. शक्य असेल तर ताडपत्री बाहेरून लावा, पाण्याचा दाब तिला आत ओढून धरतो. बोट उथळ वाळूकडे वळवा आणि पाणी उपसत राहा. लाकडी खुंटी आणि डबा प्रत्येक बोटीत हवा. ओल्यावर लागणारी, पाण्यात घट्ट होणारी पुट्टीही मिळते. तीही ठेवा, पण ती किनाऱ्यापर्यंत पोचण्यासाठी.

शेवटचं

मी कामावर रोज लोकांना सांगतो की बग दिसला तिथेच पट्टी मारू नका, तो आला कुठून ते शोधा. आणि स्वतः मामाच्या बोटीवर पट्टी मारून वर रंग लावला. ऑफिसमध्ये असं केलं तर रात्री फोन येतो. खाडीत असं केलं तर बोटीत आजोबा बसलेले असतात.

मामा यावर मला एका शब्दाने बोलला नाही. फक्त आता बोट वर काढली की तो खिशातून एक नाणं काढून माझ्या हातात देतो, आणि मी मुकाट्याने तळाखाली जाऊन टकटक करत बसतो.

तुमच्याकडे बोट असेल, होडी असेल, किंवा फायबरची पाण्याची टाकी जरी असेल, तरी नाण्याची ती चाचणी एकदा करून बघा. काही अडलं तर कळवा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.